केशर आणि बाळूची दुमजली पेटी : कामाच्या नोंदी

३ सप्टेंबर

कागदावरचं काम आज संपलं. माझ्या दोन सापांसाठी दोन पेट्या, एकावर एक. खालची केशरची, वरची बाळूची. केशर ही कॉर्न स्नेक, मादी, लांबी आता १०५ सेंमीच्या आसपास. बाळू बॉल पायथन, नर, तिच्याहून आखूड पण अंगाने भरलेला. दोघंही पैदाशीतून जन्मलेले आहेत, रानातून धरलेले नाहीत, आणि दोघांचे कागद माझ्याकडे आहेत. (बॉल पायथन साइटिसच्या, म्हणजे वन्यजिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो. कुठलाही साप घरी आणण्याआधी आपल्या इथला कायदा पाहणं हे पेटीच्याही आधीचं काम.)

दोघांना एकाच पेटीत ठेवायचा विचारही नाही. एक उबेच्या जागेवर बसला की दुसऱ्याची ऊब गेली, आणि कोणी खाल्लेलं ओकून टाकलं तर ते कोणाचं हेही कळत नाही. शिवाय दोघांचं हवामान वेगळं. केशरचं मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागात. बाळूचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या माळरानांत, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत. केशरला उबेच्या टोकाला ३० ते ३२ अंश सेल्सिअस पुरतात, बाळूला त्याहून एखाद-दोन अंश जास्त आणि हवेत बराच अधिक ओलावा. खोलीतली ऊब वर चढते, म्हणून बाळू वरच्या मजल्यावर.

आखणी करताना मी एकच गोष्ट सतत समोर ठेवली. आपल्याला उकडलं की घाम येतो, गारठलो की कुडकुडतो. सापाला सहसा यातलं काही जमत नाही. त्याच्याकडे एकच उपाय असतो, जागा बदलणं. ऊब हवी तर तिकडे, गारवा हवा तर इकडे, भीती वाटली तर आत. म्हणजे पेटीत निरनिराळ्या जागाच नसतील तर त्याचा हा एकुलता एक उपायही आपण काढून घेतला. पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घेणार आहे.

मापं : बाहेरून लांबी १२०, खोली ६०, उंची साधारण ६४ सेंमी. आतून ११६.४ × ५८ × ६०. केशर सरळ ताणून पडली तरी लांबीत मावते, आणि तळाचा कर्ण १३० सेंमी भरतो, म्हणजे तिला अजून वाढायलाही जागा आहे. बॉल पायथन लहान डब्यातच सुखी असतो असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्याला हवी असते अंगाला दोन्हीकडून टेकणारी लपणजागा, आणि ती मोठ्या पेटीतही देता येते. लहान डब्यात मात्र एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा ठेवताच येत नाही. सगळा डबा एकाच तापमानाचा होऊन जातो.

टिकाऊपणाबद्दलही लिहून ठेवते. कॉर्न स्नेक नीट सांभाळली तर १५-२० वर्षं सहज जगते. बॉल पायथनचं विचारूच नका. २०२० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात साठी ओलांडलेल्या मादीने अंडी घातली होती. ही पेटी चार-दोन वर्षांसाठी नाही, हे स्क्रू घेतानाही लक्षात ठेवायचं.

७ सप्टेंबर

प्लायवूड आलं. १८ मिमी, वॉटरप्रूफ. पूर्ण काचेची पेटी दिसायला छान, पण सारख्याच जाडीची काच प्लायवूडच्या सात-आठ पट उष्णता बाहेर जाऊ देते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतं, पण पाणी लागलं की फुगतं. पार्टिकल बोर्डचंही तेच, वरचा थर कितीही गुळगुळीत असला तरी कडेतून पाणी शिरतं. सीडरसारखं वासाचं लाकूड सापाजवळ अजिबात नको, त्यातली तेलं त्याच्या श्वसनाला त्रास देतात.

कापणीचा हिशोब फार सुंदर जुळला. शीट २४४ × १२२ सेंमीची. आधी लांबीत मधोमध चिरली. पातं ३ मिमी खातं, ते धरून ६०.८ च्या दोन पट्ट्या निघाल्या, त्या नेमक्या ६० वर आणल्या. पहिलीतून १२० चे दोन तुकडे, तळ आणि छत. दुसरीतून ११६.४ ची पाठ आणि ६० × ६० च्या दोन बाजू. म्हणजे एका शीटमध्ये एक पेटी, फक्त समोरच्या पट्ट्या सोडून. खालची १२ सेंमीची आणि वरची ८ सेंमीची पट्टी वेगळ्या तुकड्यातून काढल्या. खालची पट्टी उंच ठेवण्याचं कारण तळाचा थर. तो दहा सेंमी टाकायचा आहे, आणि काच सरकवल्यावर तो बाहेर सांडता कामा नये.

९ सप्टेंबर

खालची पेटी उभी राहिली. तळ आणि छत बाहेरून, बाजू त्यांच्या मध्ये, पाठ बाजूंच्या मध्ये. लाकडाचा पांढरा गम आणि ४ × ५० चे स्क्रू, दर १५ सेंमीवर एक. प्लायवूडच्या कडेत स्क्रू थेट मारला तर थर उकलतात, म्हणून प्रत्येक जागी आधी ३ मिमीचं भोक.

गुण्या लावून प्रत्येक कोपरा पाहिला, पण मोठ्या चौकटीत नुसत्या गुण्यावर भागत नाही. समोरच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजले. एक १३०.९, दुसरा १३१.१. लांब कर्णाच्या कोपऱ्यांना क्लॅम्प लावून थोडा ताण दिला, दोन्ही १३१.० वर आले आणि मग गम वाळेपर्यंत तसंच ठेवलं. दोन मिलिमीटरसाठी एवढी खटपट काचेमुळे. चौकट तिरकी असेल तर काच एका टोकाला अडकते आणि दुसऱ्या टोकाला फट सोडते. ती फट केशर पहिल्याच रात्री शोधून काढेल.

१० सप्टेंबर

वरची पेटीही जोडली. मग हवेची भोकं, गोल करवतीने ५० मिमीची. गार टोकाच्या बाजूला खाली दोन, उबेच्या टोकाच्या बाजूला वर दोन. गरम हवा वरून बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा आत ओढली जाते, पंख्याची गरज नाही. सगळी भोकं एकाच उंचीवर पाडली असती तर हवा इतकी हलली नसती.

जाळी स्टीलची, बारीक. ती आतून नुसती ठोकली नाही, प्लायवूडच्या कड्याखाली दाबून बसवली. कापलेल्या जाळीची एकही तार आत डोकावत नाही, बोट फिरवून पाहिलं. साप बाहेरची हवा येते तिथे नाक घासत राहतो आणि खरबरीत जाळीने त्याच्या नाकपुडीजवळचे खवले सोलतात. बाळूच्या भोकांना आतून नाही, बाहेरून सरकती झाकणं लावली आहेत. त्याच्या पेटीतला ओलावा त्यांच्यावरच ठरवायचा आहे.

१३ सप्टेंबर

पॉलियुरेथेन वॉर्निशचा पहिला हात, पाण्यावर आधारलेला. कापलेल्या कडांना दोन जास्त.

१६ सप्टेंबर

चौथा हात झाला. प्रत्येक हातामध्ये २२० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासलं. भोकांच्या आतल्या कडा, स्क्रूच्या खाचा, तळाची खालची बाजू, सगळीकडे ब्रश फिरवला. पेट्या उघड्या हवेत ठेवल्या आहेत. वास पूर्ण गेल्याशिवाय साप आत जाणार नाही, मग कितीही दिवस लागोत.

१८ सप्टेंबर

आतल्या सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉन भरलं. मत्स्यालयासाठी वापरतात ते, बुरशीनाशक न मिसळलेलं. ओल्या बोटाने ओढत एकसंध गोलाई दिली.

हे काम रटाळ आहे आणि तरीही मला पेटीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कोपऱ्यातली फट म्हणजे दोन संकटं. एक, सापाचं मूत्र आणि सांडलेलं पाणी तिथून लाकडात उतरतं आणि प्लायवूड आतून कुजतं, बाहेरून पत्ता लागत नाही. दुसरं, सापाच्या अंगावरची गोचिडासारखी माइट. मोहरीहूनही बारीक, काळी, रक्त पिऊन झालं की सापाला सोडून अशाच फटीत जाऊन अंडी घालते. एकदा शिरली की साप साफ होतो, पेटी होत नाही. गुळगुळीत कोपरा पुसता येतो. फट पुसता येत नाही.

२१ सप्टेंबर

काच आली. ५ मिमी, टफन्ड, कडा घासलेल्या. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की मिलिमीटरभरही कापता येत नाही, म्हणून माप देण्याआधी चॅनेल, म्हणजे काच सरकते ती खोबणी, प्रत्यक्ष बसवून घेतलं होतं. हिशोब पुढे लागेल म्हणून इथे लिहून ठेवते.

समोरच्या दोन पट्ट्यांमधली उघडी उंची ४०० मिमी. खालच्या चॅनेलचा तळ २ मिमी जाड आणि त्याच्या भिंती त्यावर ७ मिमी. वरच्या चॅनेलचंही वरचं अंग २ मिमी, पण भिंती १५ मिमी खोल. काच आधी वरच्या चॅनेलमध्ये पूर्ण ढकलायची, मग खालचं टोक आत घेऊन खाली सोडायची. त्यासाठी काचेची उंची ३८८. वर ढकलल्यावर खालची भिंत जेमतेम ओलांडते, खाली बसल्यावर वरच्या चॅनेलमध्ये ७ मिमी अडकून राहते. सापाने आतून कितीही रेटलं तरी ती निघत नाही. रुंदी प्रत्येकी ६०२, म्हणजे मध्ये दोन्ही काचा एकमेकींवर ४ सेंमी चढतात.

बसली. एका बोटाने सरकते.

दोन काचांच्या मधे जी उभी फट राहते तिच्यात पारदर्शक पट्टी चिकटवली. केशर आता एवढ्याशा फटीतून जाणार नाही, पण पेटी तिच्या एकटीच्या आयुष्यापुरती नाही. सापाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो. पेन्सिल सरकत असेल तर कॉर्न स्नेकचं पिल्लू सरकलंच समजा. शोकेसला लावतात ते दातेरी कुलूप दोन्ही पेट्यांना लावलं.

२५ सप्टेंबर

वायरिंगला दादा आला. सॉकेट चिनी मातीची, कारण हीटरची उष्णता प्लॅस्टिक सहन करत नाही. सॉकेट आणि छताच्या मधे धातूचा पत्रा, आणि पत्रा व लाकूड यांच्यामध्ये हवेची फट. सिरॅमिक हीटरचा स्वतःचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जातो, लाकडापासून तो लांबच हवा.

मी वायर पाठीतल्या भोकातून सरळ आणणार होते, तर दादा म्हणाला, "सरळ नको नेऊस गं. आधी भोकाच्या खाली झोळ सोड, मग वर घे. पाणी वायरवरून ओघळलं तर झोळाच्या तळाशी गळून पडेल, प्लगपर्यंत जाणार नाही." तसंच केलं. बाळूच्या पेटीत रोज फवारणी होणार, तेव्हा हे फार मोलाचं. सगळं आरसीसीबीवर (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे.

हीटरभोवती जाळीचा पिंजरा. यावर मी बराच विचार केला. सापाला पोळतंय हे त्याला वेळेवर कळतंच असं नाही. तापलेल्या वस्तूला टेकून तो तसाच पडून राहतो आणि पोटाचे खवले भाजतात. म्हणून पिंजरा हीटरपासून इतका लांब ठेवला की त्याच्या बाहेरच्या तारेला हात लावून धरता येतो. शिवाय पिंजऱ्याची वरची बाजू थेट छताला भिडवली. वर सपाट जागा राहिली असती तर केशर त्यावर जाऊन बसलीच असती.

दोन्ही पेट्यांत यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब, कमी ताकदीची, आतल्या बाजूला, जाळीत. बाहेरून लावून उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते. कॉर्न स्नेकला यूव्हीबी मिळालं की रक्तातलं ड जीवनसत्त्व वाढतं असं २००८ मधल्या एका अभ्यासात दिसून आलं. बॉल पायथनबद्दल तितकं स्पष्ट नाही. पण ट्यूब फक्त उबेच्या टोकाला आहे आणि सावली भरपूर, म्हणजे घ्यायचं की नाही हे त्याचं त्याने ठरवावं.

दोन पेट्यांच्या मधे २० मिमीच्या पट्ट्या टाकल्या, खालच्या हीटरची ऊब बाळूच्या तळातून वर शिरू नये म्हणून. खालच्या पेटीच्या पायांना जाड रबर. बॉल पायथनच्या ऐकण्यावर २०१२ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात तो ८० ते १६० हर्ट्झच्या ध्वनीला सर्वाधिक प्रतिसाद देतो असं आढळलं. आवाजाने त्याची कवटी कंप पावते आणि ते त्याला जाणवतं. म्हणून पेटीची जागाही ठरवली आहे. धुण्याच्या मशीनच्या भिंतीला नाही, स्पीकरजवळ नाही.

२७ सप्टेंबर

आजचा दिवस फक्त एका प्रश्नासाठी. थर्मोस्टॅट बिघडला आणि हीटर चालूच राहिला तर काय?

प्रत्येक हीटर थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेलं तापमान आलं की हीटर बंद करणाऱ्या यंत्रावर, असलाच पाहिजे, यात वाद नाही. पण थर्मोस्टॅट हे यंत्र आहे. ते चालू अवस्थेत अडकू शकतं. प्रोब (त्याचं तापमान मोजणारं वायरीचं टोक) निघून गार टोकाला पडला तर यंत्र अगदी ठणठणीत असूनही त्याला पेटी थंडच वाटणार, आणि ते हीटर तापवतच राहणार. म्हणून थर्मोस्टॅट मुद्दाम बाजूला काढला, केशरच्या पेटीत १०० वॉटचा सिरॅमिक हीटर थेट जोडला आणि रिकामी पेटी बंद केली. खोलीचं तापमान २४. हीटरखाली दगडी फरशी, मध्यावर हवेत एक थर्मामीटर, गार टोकाला तळावर दुसरा.

पहिल्या तासात फरशी ४० च्या पुढे. दुपारी आकडे स्थिरावले : फरशी ५३, मधली हवा ३५, गार टोक ३१.

फरशीचा आकडा भीतीदायक दिसतो, पण मला त्याहून गार टोकाचे ३१ जास्त घाबरवून गेले. तापलेल्या फरशीवरून साप उठून जाईल. पण जाणार कुठे? गार टोकच त्याच्या उबेच्या जागेइतकं तापलेलं. साप पेटीभर फिरेल, काचेला नाक घासेल, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटेल आज किती खेळतोय. शंभर वॉटची या पेटीला गरज नाही. बहुतेक तयार यादींत या मापाला तेवढेच सांगतात, पण त्या यादी काचेच्या पेट्यांच्या असतात आणि लाकूड ऊब धरून ठेवतं.

२८ सप्टेंबर

केशरकडे ६० वॉट, बाळूकडे ८०. थर्मोस्टॅट नाहीच.

केशर : फरशी ४२, गार टोक २७.५. बाळू : फरशी ४६, गार टोक २९.५.

हे चालेल. बिघाड झालाच तर दोघांनाही निभावून नेण्याजोगी जागा पेटीत उरते, आणि मला तो लक्षात यायला वेळ मिळतो. उलट बाजूही पाहिली. पहाटे खिडक्या उघडून खोली १८ वर आणली तरी ६० वॉटने फरशी ३१ च्या खाली जाऊ दिली नाही. हीटर निवडायचा तो असा : थर्मोस्टॅटशिवायही जीव घेणार नाही इतका लहान, आणि सर्वांत थंड रात्रीही पुरेल इतका मोठा.

१ ऑक्टोबर

थर्मोस्टॅट जोडले. केशरला ३१, बाळूला ३३. प्रोब फरशीवर, हीटरच्या बरोबर खाली, धातूच्या पट्टीने स्क्रू मारून आवळलेला. चूषक टोपीने काचेला चिकटवायची पद्धत मला मान्य नाही. ओलाव्याने टोपी सुटते, आणि मग परवाचीच परिस्थिती. प्रत्येक पेटीत थर्मोस्टॅटशी संबंध नसलेला दुसरा थर्मामीटर आहे. न टेकवता पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गनही हाताशी आहे, कारण हवेचं तापमान आणि पोटाखालच्या फरशीचं तापमान यांत मोठा फरक असतो आणि साप फरशीवर पडतो.

बाळूच्या पेटीत आर्द्रता ४८ टक्के. हवी ६० ते ७०.

५ ऑक्टोबर

वरच्या दोन भोकांची झाकणं अर्धी ओढली, कोकोपीटचा थर दहा सेंमी केला, पाण्याचं पसरट भांडं गार टोकावरून मध्याकडे आणलं. ६४ टक्के, आणि काचेवर दव नाही. दव धरलं असतं तर झाकणं पुन्हा उघडली असती. कोंदट ओलाव्याने पोटाखालचे खवले सडतात आणि छातीत संसर्ग होतो. वरचा थर कोरडा आणि खाली बोट खुपसल्यावर गारवा लागला पाहिजे, तसाच आहे.

केशरकडे अ‍ॅस्पेन लाकडाचा किस. तिला ४५-५० टक्के पुरतात आणि किसात तिने काढलेली बिळं ढासळत नाहीत.

१० ऑक्टोबर

पेट्यांना आता कसलाही वास नाही. आत डोकं घालून, काच बंद ठेवून अर्ध्या तासाने उघडून, हीटर तापलेला असताना, सगळ्या प्रकारे पाहिलं. सजावट सुरू.

दोन्ही पेट्यांत दोन-दोन लपणजागा, एक उबेला, एक गारव्याला, आणि दोन्ही अगदी सारख्या. एकच माप, एकच दार. एक अंधारी आणि दुसरी उघडीवाघडी ठेवली तर साप अंधाराला भुलून नको त्या तापमानात बसून राहील. छत इतकं खाली की वेटोळं घातल्यावर पाठ टेकते. केशरसाठी ओल्या शेवाळाची एक डबी वेगळी, कात टाकण्याच्या दिवसांसाठी.

जड दगड किसावर ठेवला नाही, थेट प्लायवूडवर टेकवून मग भोवती किस भरला. केशर खालून उकरते, दगड बसकण मारतो आणि ती खाली चिरडते. फांद्याही तशाच, बाहेरून स्क्रू मारून पक्क्या. बाळूलाही फांदी आणि उंच फळी दिली आहे. बॉल पायथन जमिनीवरचाच साप असं म्हणतात, पण रानातले नर झाडांवर चढतात आणि पक्षी खातात अशा नोंदी आहेत.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर केशरला तिच्या जुन्या लपणडबीसकट आत ठेवलं. उचलून बाहेर काढलं नाही, तिची ती निघाली. आधी नुसतं डोकं, जीभ भराभर आतबाहेर. मग ती खालच्या चॅनेलशी गेली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हनुवटी टेकवत, प्रत्येक बोटभर अंतरावर थांबून नाकाने रेटत गेली. दोन काचा जिथे एकमेकींवर चढतात तिथे ती सर्वांत जास्त वेळ थांबली. पारदर्शक पट्टीला खालून वर, पुन्हा वरून खाली तपासलं. मग फांदीवर चढली आणि वरच्या चॅनेलचंही तेच. मी श्वास रोखून बघत होते. अर्ध्या तासाने ती उतरली, किसात शिरली आणि शेपटीसकट दिसेनाशी झाली.

१५ ऑक्टोबर

बाळू आत. लगेच उबेच्या लपणजागेत.

२३ ऑक्टोबर

मधल्या दिवसांत कोणालाही हात लावला नाही. आज केशरने खाल्लं, वितळवून कोमट केलेला उंदीर, चिमटा पुढे करताच. बाळूने तोंड फिरवलं. बॉल पायथनचं हे असं असतंच, जागा बदलली की जेवण सोडतात. वजन घसरत नाही तोवर मी आग्रह करणार नाही.

वहीत दोन रकाने केले आहेत. सकाळी, दुपारी आणि रात्री कोण कुठे सापडलं. हात न लावता, काचेतूनच.

३० ऑक्टोबर

वही वाचायला बसले आणि एक गोष्ट ठळक दिसली. केशर सगळीकडे आहे. फांदीवर, किसात, दोन्ही लपणजागांत, खाल्ल्यावर उबेला आणि दोन दिवसांनी गारव्याला. बाळूच्या पानावर मात्र एकच शब्द खालपर्यंत उतरलेला : ऊब, ऊब, ऊब.

त्याला ऊबच हवी आहे, असं मानून सोडून देता आलं असतं. पण उबेची लपणजागा आणि गार लपणजागा यांच्यामध्ये पाण्याचं भांडं आणि बाकी सगळी उघडी जमीन. बिळात राहणाऱ्या सापाने हा उघडा पट्टा ओलांडायचा म्हणजे गारव्यासाठी सुरक्षितता सोडायची. हा काही खरा पर्याय नाही. पेटीत २६ अंशांची जागा आहे हे माझ्या थर्मामीटरला ठाऊक आहे, बाळूच्या दृष्टीने ती नाहीच.

मध्ये कॉर्कच्या सालीची लांब पन्हळ पालथी घातली, एका लपणजागेच्या दारापासून दुसरीच्या दारापर्यंत. भांडं पुढे काचेकडे सरकवलं. मागच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या पानांच्या वेली दाट सोडल्या, फांदीवर चढतानाही अंगावर सावली राहील इतक्या. वरून पाहिलं तर आता तळाचा जेमतेम एक तृतीयांश भाग उघडा आहे. पेटी पूर्वीइतकी देखणी राहिली नाही, आणि बाळू आता आणखी कमी दिसणार. चालेल.

तापमान पुन्हा मोजलं. सालीमुळे ऊब अडत नाही ना, हे पाहायचं होतं. फरशी ३३, सालीच्या आत मध्यावर २९, गार लपणजागेत २६.

८ नोव्हेंबर

बाळूच्या पानावर आता तिन्ही शब्द आहेत. दिवसा बहुतेक ऊब, पण रात्री पन्हळीत, आणि पहाटे दोनदा गार लपणजागेत. काल रात्री उशिरा तो फळीवर होता, डोकं वेलीबाहेर काढून. आज उंदीर घेतला, पन्हळीच्या तोंडातून झडप घालून, आणि घेऊन सरळ उबेला गेला.

वरच्या पेटीला जे केलं ते केशरकडेही करणार आहे. ती धीट आहे म्हणून तिला आडोसा कमी लागतो असं नाही. कॉर्कची दुसरी साल मागवली आहे.

महिन्याची कामं वहीच्या मागच्या पानावर लिहिली : प्रोबचा आकडा दुसऱ्या थर्मामीटरशी पडताळणं, प्रोबचा स्क्रू आवळणं, जाळ्यांवरची धूळ काढणं, कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर नख फिरवून कुठे सुटलंय का पाहणं. यूव्हीबी ट्यूब पेटत राहिली तरी तिचा यूव्हीबी हळूहळू उतरतो, म्हणून दोन्ही ट्यूबच्या टोकाला बसवल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. वर्षाने बदलायच्या.